अकाउंट बंद करण्याआधी जरा बोलूया

अगं, तुझा मेसेज वाचला. तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीचा फोटो तिच्या प्रोफाइलवरून उचलून कुणीतरी तिच्या नावाचं खोटं अकाउंट काढलं, त्यावरून मुलांना घाणेरडे मेसेज गेले, आणि आता हॉस्टेलवरच्या कितीतरी मुली घाबरून आपापली अकाउंट बंद करतायत. तूही विचारतेस, ताई, मी पण बंद करून टाकू का? हो किंवा नाही असं एका शब्दात लिहून मोकळी झाले असते. पण हा प्रश्न तुझ्या एका अकाउंटपुरता नाही, आणि तू आता मोठी झालीयस, तर तुझ्याशी नीट बसून बोलावंसं वाटलं.

शाळेत आपल्याला तो निबंध असायचा बघ, ‘शाप की वरदान’. अर्धा निबंध शापाचा, अर्धा वरदानाचा, आणि शेवटी ‘सगळं वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं लिहिलं की बाई खूश. ते उत्तर मला कधीच पटलं नाही. वापरणाऱ्यावर सगळं ढकललं की ज्यांनी ही ॲप बांधली त्यांना कुणी जाब विचारत नाही, आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरीलाच वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. मी इतकी वर्षं बघतेय त्यावरून माझं मत सांगते. या समाजमाध्यमांतलं जे चांगलं पाहिलं, ते माणसं एकमेकांपर्यंत पोचली तेव्हा घडलं. आणि जे वाईट पाहिलं, त्यात बहुतेक वेळा कुणीतरी फोन हातात घेऊन एकटं पडलेलं होतं. विचारायला कुणी नाही, सांगायची सोय नाही. तुझ्या मैत्रिणीचं दुःखही तेच आहे. फोटो चोरीला गेला हे वाईटच, पण तिने ते किती दिवस कुणालाच सांगितलं नाही, हे मला जास्त लागलं.

आधी चांगलं सांगते, कारण घाबरल्यावर माणूस तेच पहिल्यांदा विसरतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी तुला माहीतच आहेत, ‘आपली आजी’ चॅनेलवाल्या. शाळेची पायरी न चढलेली बाई. २०२० मध्ये नातवाने मोबाइल धरला आणि आजींनी चुलीपुढे बसून, आपल्या बोलीत, आपल्या मसाल्यांच्या भाज्या करून दाखवल्या. लाखो लोक बघतात. त्यांच्या पिढीच्या किती बायकांच्या हाताची चव घराच्या उंबऱ्याबाहेर कधी गेलीच नाही. आपल्याकडच्या बचत गटाच्या बायका बघ, उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे फोटो स्टेटसला टाकतात आणि पुण्या-मुंबईहून ऑर्डरी घेतात. दुकानाचं भाडं नाही, मधला व्यापारी नाही. ज्या बाईच्या हातात स्वतःचा असा पैसा कधी आला नव्हता, तिच्या खात्यात तो थेट जमा होतो. याला मी लहान गोष्ट म्हणणार नाही.

करोनातला २०२१ चा एप्रिल आठव. दवाखान्यात खाट नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिविरसाठी माणसं रात्रभर रांगेत. त्या दिवसांत ट्विटरवर, व्हॉट्सॲपवर कॉलेजची मुलं-मुली याद्या बनवत होती, दिलेले नंबर खरे आहेत का ते स्वतः फोन करून तपासत होती आणि तपासलेले तेवढेच पुढे पाठवत होती. त्यांच्यामुळे किती घरं वाचली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या, गाऱ्हाणं मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नका. ‘फोन म्हणजे वेळ घालवायचं साधन’ असं कुणी म्हणालं की मला ती याद्या करणारी पोरं आठवतात.

आणि बोलता येणं. टॅराना बर्क नावाच्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने २००६ मध्ये ‘मी टू’ हे दोन शब्द वापरायला सुरुवात केली, अत्याचार सोसलेल्या मुलींना एकटं वाटू नये म्हणून. ते शब्द २०१७ मध्ये जगभर पोचले, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे सिनेमातल्या, वर्तमानपत्रांतल्या बायका नावानिशी बोलू लागल्या. अनेकींनी वर्षानुवर्षं मनात दाबून ठेवलेलं होतं. एकीचं वाचलं म्हणून दुसरीला बळ आलं.

बोलण्याची किंमतही मोजावी लागते, हे तुझ्यापासून लपवणार नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुण मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट नुसती लाइक केली. दोघींना पोलिसांनी अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलम त्यांना लावलं गेलं. ती बातमी वाचून अस्वस्थ झालेली श्रेया सिंघल नावाची तरुणी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तुझ्याच वयाच्या आसपासच्या मुली होत्या गं या सगळ्या. म्हणून कुणी तुला म्हणालं, ‘मुलींनी कशाला पोस्टबिस्ट टाकायच्या,’ तर मान खाली घालू नकोस.

आता दुसरी बाजू. तू रात्री बारा वाजता ‘पाच मिनिटं’ म्हणून फोन उघडतेस आणि दीड वाजतो, यात तुझा स्वभाव आळशी आहे वगैरे काही नाही. पान संपतच नाही, खाली खाली सरकत राहतं, ही रचना मुद्दाम केलेली आहे. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञाने ती बनवली आणि पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे तिच्याबद्दल खंत व्यक्त केली. पूर्वी पान संपायचं, ‘पुढचं पान’ दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचं. ती थांबायची जागाच काढून टाकली. ॲप फुकट आहे, कारण पैसे जाहिरातदार देतात, आणि ते तुझ्या वेळेचे देतात. तू जितकी जास्त थांबशील तितकी त्यांची कमाई. आणि माणसाला थांबवून ठेवायला संताप, भीती आणि मत्सर यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. एवढं समजलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

२०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन ही फेसबुकमध्ये काम केलेली बाई कंपनीचे अंतर्गत कागद घेऊन जगासमोर आली. त्यात कंपनीनेच केलेली पाहणी होती. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत होतं, त्यांतल्या जवळपास दर तिघींपैकी एकीने सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं. कंपनीला हे आतून ठाऊक होतं. तू मागे दिवाळीला म्हणालीस ना, ‘ताई, माझी स्किन किती डल आहे’? तेव्हा मी काही बोलले नाही, आज बोलते. तुझा रंग आपल्या आजीचा आहे, आणि तू ज्यांच्याशी स्वतःला ताडून बघतेस त्यांच्या चेहऱ्यावर फिल्टर आहे. कोणती अकाउंट बघून उठल्यावर जीव छोटा होतो, ती तुझी तुला माहीत आहेत. आज रात्री ती अनफॉलो कर, कुणाला कळत नाही. आणि गजराचं एक साधं घड्याळ घे, म्हणजे फोन उशाशी ठेवायचं कारण उरणार नाही. याहून जास्त उपदेश या बाबतीत मी करणार नाही.

ज्या गोष्टीबद्दल मला खरंच पोटातून सांगायचं आहे, ती वेगळी आहे. राईनपाडा. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातलं लहानसं आदिवासी गाव. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातली. गावोगाव भिक्षा मागत फिरणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज सगळीकडे फिरत होते. त्या पाचांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, एवढ्यावरून जमाव धावून आला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना मारून टाकलं. कुठलीही टोळी नव्हती.

मी या घटनेचा खूप विचार केलाय. ते मेसेज पुढे पाठवणारी माणसं कोण होती? तुझ्या-माझ्या घरातल्यासारखीच. कुणी मावशी, कुणी काका, कुणी दुकानदार. प्रत्येकाला वाटलं असेल, खरं-खोटं देव जाणे, पण सावध केलेलं बरं. त्यांच्या मनात पोरांची काळजी होती, आणि त्या काळजीचा शेवट पाच माणसांच्या मरणात झाला. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा होता. मूल उचलून नेल्याचं दृश्य तेवढं ठेवलेलं, आणि शेवटी मूल परत आणून सोडतात तो भाग कापलेला. त्या कापलेल्या काही सेकंदांत सगळा अर्थ होता.

त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये पुन्हा घट्ट केली, फार वेळा फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. हे बरं झालं, पण ते माणसं मेल्यावर झालं. आणि बोटाला मर्यादा घालता येते, मनाचं काय करायचं? म्हणून माझा तुला आग्रह आहे. कुठलाही मेसेज वाचून छातीत धस्स झालं किंवा डोक्यात तिडीक गेली, तर तो त्या क्षणी पुढे पाठवायचा नाही. आधी एका माणसाला विचार. खऱ्या, ज्याला तिथलं ठाऊक असेल अशा. गावातली गोष्ट असेल तर अंगणवाडीच्या ताई आहेत, पोलीस पाटील आहेत. औषधपाण्याचं असेल तर डॉक्टर. एका फोनचं काम असतं.

आपल्या घरच्या ग्रुपचं पण बोलते, कारण तू तिथे परवा भांडलीस आणि नंतर दोन दिवस जेवली नाहीस असं आई म्हणाली. काकांनी पाठवलेला मेसेज खोटा होता, तू बरोबरच होतीस. पण पंचवीस माणसांसमोर, त्यांच्या व्याह्यांसमोर, तू त्यांना खोटं पाडलंस. मग ते मेसेज विसरले आणि स्वतःचा मान सांभाळत बसले. पुढच्या वेळी काकांना बाजूला लिही, ‘काका, तुम्ही पाठवलेलं बघून मी जरा शोधलं, तर हे सापडलं, तुम्हीच ग्रुपवर सांगाल का?’ त्यांना स्वतःहून दुरुस्त करायची संधी दे. माझ्या सासरी मी असंच करते, आणि आता माझे सासरे काही आलं की पाठवायच्या आधी मला हाक मारतात, ‘सूनबाई, हे खरं आहे का गं?’ मात्र कुठल्या जातीविरुद्ध, धर्माविरुद्ध माथी भडकवणारं काही आलं, तर तिथे मानाचा विचार करायचा नाही. ग्रुपवरच स्पष्ट लिहायचं की हे चुकीचं आहे, काढून टाका. त्यावरून नात्यात दुरावा आला तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

आता तुझी मैत्रीण. ही गोष्ट नीट वाच आणि तिलाही वाचून दाखव.

कुणी फोटो चोरला, फोटोत फेरफार करून घाण बनवली, खोटं अकाउंट काढलं, किंवा तिने विश्वासाने कुणाला पाठवलेला फोटो तो आता पसरवायची धमकी देतोय, यांतलं काहीही असो, गुन्हा करणारा तो आहे. फोटो पाठवला म्हणून ती गुन्हेगार होत नाही. हे वाक्य तिला शंभरदा सांगावं लागलं तरी सांग. धमकी देणारा एकाच गोष्टीवर जगतो, ही पोरगी घरी सांगणार नाही. तिने सांगितलं की त्याचं अर्धं बळ गेलं.

पैसे मागितले तर एक रुपयाही द्यायचा नाही, एकदा दिले की मागणी वाढतच जाते. घाबरून चॅट पुसून टाकायची नाही. स्क्रीनशॉट काढायचे, त्यात अकाउंटचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे, आणि प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेवायची. मग त्या ॲपवर तक्रार करायची. २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना बांधून घातलंय की नग्न, खाजगी फोटो किंवा तोतयेगिरी याबद्दल त्या व्यक्तीने तक्रार केली तर काही तासांतच ते काढण्यासाठी पावलं उचलावीत. केंद्र सरकारचं राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, तिथे बायका-मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, जितका लवकर तितकं ते पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. पोलीस ठाण्यात ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं म्हणाले तर ते ऐकून परत फिरायचं नाही. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात खाजगी अंगाचा फोटो संमतीशिवाय काढणं-पसरवणं याला ६६ई आहे, तोतयेगिरी करून फसवण्याला ६६डी आहे, आणि मुलीवर इंटरनेटवरून पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं. आकडे पाठ करू नकोस, पण ठाण्यात कागदावर लिहून ने. लिहून आणलेलं बघितलं की समोरचा माणूस वेगळा बोलतो, हा माझा अनुभव आहे.

अठरा वर्षांवरच्या मुलींसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक मोफत सोय २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिच्यात आपला फोटो कुणाला द्यावा लागत नाही, तो आपल्या फोनमध्येच राहतो. त्यावरून अंगठ्याच्या ठशासारखी एक सांकेतिक खूण तयार होते, आणि सोबत आलेल्या कंपन्या त्या खुणेशी जुळणारा फोटो आपापल्या ठिकाणी अडवतात. खूप मुलींना हे माहीतच नाही. हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर मराठीत लिहून लाव.

आणि हे सगळं करताना तिच्याबरोबर जा. तिला एकटीला ठाण्यात पाठवू नकोस.

मुलींनी घरी का सांगितलं नाही, हे मी अनेकींना विचारलंय. उत्तर ठरलेलं असतं, ‘सांगितलं तर फोन काढून घेतील, कॉलेज बंद करतील.’ म्हणून बंदीचं नाव निघालं की मी सावध होते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर अकाउंट ठेवायला मनाई केली. बारा-तेरा वर्षांच्या लेकरांसाठी असं काही हवं, असं मलाही वाटतं, आणि जबाबदारी तिथे कंपन्यांवर टाकलीय हे योग्यच आहे. पण आपल्या घरांमध्ये बंदी येते तेव्हा भावाचा फोन तसाच राहतो आणि बहिणीचा कपाटात जातो. ज्या घरात पोरीला शिक्षा होते, त्या घरात पोरगी पुढच्या वेळी गप्प बसते.

मला पटलेला उपाय आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला. करोनाच्या ऑनलाइन शाळेनंतर पोरांचे फोन सुटेनात. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांची सभा झाली आणि भोंगा आणायचं ठरलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, फोन आणि टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा वाजतो. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावत होते. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे की आई-बापांचाही फोन बंद. एकट्या मुलाला ‘ठेव तो फोन’ म्हटलं की त्याला वाटतं, सगळे मजा करतायत आणि मीच बाहेर. सगळ्यांचाच बंद असेल तर मागे राहण्यासारखं काही उरतच नाही. तुमच्या खोलीत चौघी आहात. जेवणाच्या वेळेपासून तासभर चौघींचे फोन एका डब्यात ठेवून बघा. एकटीने नको, टिकणार नाही.

तर अकाउंट बंद करू नकोस. प्रायव्हेट कर, ओळखीपाळखीची नसलेली माणसं काढून टाक, पासवर्ड बदल, दुहेरी पडताळणी चालू कर. घराचा पत्ता, हॉस्टेलचं नाव, रोजच्या येण्याजाण्याची वेळ दिसेल असं काही टाकू नकोस. फिरायला गेलीस तर फोटो परत आल्यावर टाक. तुझ्या कविता मात्र टाकत राहा, मागची मी तीनदा वाचली.

आणि सुट्टीत घरी येशील तेव्हा आईच्या फोनचं काम तुझ्याकडे. तिला ‘डिजिटल अरेस्ट’ची फसवणूक समजावून सांग. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या वेशात कुणीतरी येतं, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत म्हणतं, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही आणि पैसे भरायला लावतं. कायद्यात अशी अटकच नाही. तो माणूस सगळ्यात आधी बजावतो, ‘घरात कुणाला सांगू नका.’ आई घाबरट आहे, ती खरंच सांगणार नाही. तिला म्हणावं, असं वाक्य कुणीही उच्चारलं की फोन कापायचा आणि आम्हा दोघींपैकी एकीला लावायचा. १९३० तिच्या फोनमध्ये सेव्ह करून दे, आणि माझा नंबर तिच्या यादीत अजून माझ्या माहेरच्या नावाने आहे, तो ‘ताई’ म्हणून सगळ्यात वर आण.